बालीचा एअरपोर्ट, बोरोबुदूरचं तिकीट आणि मांडालिकाची रेस एकाच कंपनीकडे कशी? इंडोनेशियाची 'इनजर्नी' समजून घेऊया

बालीला जाणाऱ्या आपल्या लोकांची संख्या गेल्या काही वर्षांत एवढी वाढलीय की तिथे येणाऱ्या परदेशी पर्यटकांमध्ये ऑस्ट्रेलियानंतर भारतीयांचा नंबर लागतो. हनिमून, फॅमिली ट्रिप, ऑफिसचा ग्रुप, सगळे जातात. पण तिथे आपण खर्च केलेला पैसा नक्की कुणाकडे जातो हे कुणी बघत नाही, आणि ते बघण्यासारखं आहे. देनपासारला ज्या एअरपोर्टवर उतरलात तो, नुसा दुआमध्ये ज्या मोठ्या रिसॉर्टमध्ये राहिलात त्याच्या खालची जमीन, सानूरच्या किनाऱ्यावरचं जुनं उंच हॉटेल, पुढे जावा बेटावर जाऊन बोरोबुदूर आणि प्रंबानन या जुन्या मंदिरांची तिकिटं काढलीत ती, आणि परत येताना जकार्तात सारिनामधून बाटिकचं कापड घेतलंत तर तेही, हे सगळं शेवटी एकाच सरकारी कंपनीच्या छताखाली येतं. तिचं नाव इनजर्नी. कागदावरचं पूर्ण नाव पीटी अविआसी पारिविसाता इंडोनेशिया, म्हणजे विमानवाहतूक आणि पर्यटनाची कंपनी.

ही साधी कंपनी नाही, होल्डिंग कंपनी आहे. हा शब्द पेपरात रोज येतो, पण सरकार जेव्हा होल्डिंग बनवतं तेव्हा प्रत्यक्षात काय होतं, पैसा कुठून कुठे सरकतो, तोटा कुणाच्या नावावर जातो, हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

आधी होल्डिंग म्हणजे काय ते. समजा एका माणसाच्या नावावर पाच दुकानं आहेत, प्रत्येकाचा मॅनेजर वेगळा, प्रत्येकाचं बँकेत खातं वेगळं, प्रत्येक दुकान आपापलं कर्ज काढतं, आणि एका दुकानात काय चाललंय ते दुसऱ्याला पत्ता नसतो. आता तो माणूस एक सहावी कंपनी काढतो आणि पाचही दुकानांची मालकी त्या कंपनीच्या नावावर करतो. दुकानं जिथे होती तिथेच राहतात, पाट्याही त्याच, गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. फरक एवढाच पडतो की आता पाचही मॅनेजर त्या सहाव्या कंपनीला उत्तर देतात, नफा आधी तिच्याकडे जमा होतो, आणि बँकेत कर्ज मागायला ती कंपनी पाचही दुकानांची ताकद दाखवून जाऊ शकते. ती स्वतः काही विकत नाही, ती फक्त शेअर धरून ठेवते आणि निर्णय घेते. झालं, एवढंच.

सरकारी होल्डिंगमध्ये मालक सरकार असतं, म्हणजे शेवटी जनता, आणि तिथून गोष्ट अवघड व्हायला लागते.

इंडोनेशियात सरकारी कंपन्यांना बीयूएमएन म्हणतात. २०१९ मध्ये एरिक तोहिर त्या खात्याचे मंत्री झाले तेव्हा अशा कंपन्या शंभराहून जास्त होत्या, आणि त्यांनी पहिल्यापासून लावून धरलं की एवढ्या कंपन्या नकोत, सारख्या धंद्यातल्या एकत्र करा. पर्यटनातला विस्कळीतपणा तर बघण्यासारखा होता. एअरपोर्ट चालवणाऱ्या सरकारी कंपन्या दोन. अंगकासा पुरा एक ही मध्य आणि पूर्व भागातले एअरपोर्ट बघायची, बाली, सुराबाया, मकासर, लोम्बोक वगैरे, आणि अंगकासा पुरा दोन ही पश्चिमेकडचे, जकार्ताचा मोठा सुकर्णो हट्टा, मेदान असे. बोरोबुदूर आणि प्रंबाननच्या परिसराला तिसरी कंपनी. हॉटेलांना चौथी. नुसा दुआ आणि मांडालिकासारखे आखीव पर्यटन भाग बांधायला पाचवी, तिचं नाव आयटीडीसी, आपल्या अशोक हॉटेलवाल्या आयटीडीसीशी तिचा काही संबंध नाही, फक्त अक्षरं सारखी आहेत. आणि सारिना, जी सुकर्णोंनी १९६२ साली स्थापन केली, १९६६ मध्ये उघडली, देशातलं पहिलं डिपार्टमेंट स्टोअर.

हॉटेलांची गंमत आणखी वेगळी. सरकारी हॉटेलं फक्त हॉटेल कंपनीकडे नव्हती. पेट्रोल काढणाऱ्या पेर्तामिनाची स्वतःची हॉटेलं, गरुडा एअरलाइन्सची स्वतःची, बांधकाम करणाऱ्या सरकारी कंपन्यांची स्वतःची, इतकंच काय, सोनं तारण ठेवून कर्ज देणारी जी सरकारी कंपनी आहे पेगादायान, तिचीसुद्धा हॉटेलं. प्रत्येक कंपनीला कधीतरी वाटलं की आपल्या जमिनीवर एक हॉटेल टाकू, आणि टाकलं. मग हॉटेल चालवायचं कसं हे कुणालाच धड माहीत नाही, आणि एकाच शहरात सरकारचीच दोन हॉटेलं एकमेकांचं गिऱ्हाईक पळवतायत. ही हॉटेलं हॉटेल इंडोनेशिया नातुर या एका कंपनीच्या हाताखाली आणायची असा बेत ठरला. माझ्या मते सगळ्या योजनेतला हा सगळ्यात शहाणपणाचा भाग होता, कारण इथे एकत्र येण्याने खरोखर काहीतरी वाचतं, सामान एकत्र घेता येतं, बुकिंग एकत्र होतं, आणि तेल काढणाऱ्याला तेल काढू देता येतं.

मग कोविड आला. कोविडने इंडोनेशियाच्या पर्यटनाचं काय केलं हे आकड्यात बघितल्याशिवाय होल्डिंगची घाई समजणार नाही. २०१९ मध्ये देशात सुमारे १ कोटी ६१ लाख परदेशी पर्यटक आले होते. २०२० मध्ये ४० लाख. २०२१ मध्ये १५ लाखांच्या आसपास. आणि बालीचं काय, तर २०२१ च्या पहिल्या दहा महिन्यांत परदेशी पर्यटक किती आले, ४५. पंचेचाळीस लाख नाही, पंचेचाळीस माणसं. ज्या बेटावर २०१९ मध्ये ६० लाखांहून जास्त परदेशी आले होते तिथे. विमानं बंद, हॉटेलचे कर्मचारी गावी परत, ड्रायव्हर लोक शेतात.

एअरपोर्टचा खर्च मात्र थांबत नाही. धावपट्टी राखायची, लाइट लागणार, सिक्युरिटी लागणार, कर्जाचा हप्ता जाणार. अंगकासा पुरा एकने त्याच सुमाराला जुने एअरपोर्ट मोठे करायला आणि नवे बांधायला भरपूर कर्ज काढलं होतं, त्यातला एक म्हणजे योग्याकार्ताजवळ कुलोन प्रोगोचा नवा एअरपोर्ट, वर्षाला २ कोटी प्रवासी झेपतील असा, बोरोबुदूरला येणाऱ्या पर्यटकांच्या भरवशावर बांधलेला. तो पूर्णपणे सुरू झाला मार्च २०२० च्या शेवटी. यापेक्षा वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता. २०२१ संपता संपता या एका कंपनीवर ३५ ट्रिलियन रुपिया कर्ज असल्याचं सरकारनेच सांगितलं, त्या वेळच्या भावाने आपले साधारण अठरा हजार कोटी रुपये.

अशा वेळी ऑक्टोबर २०२१ मध्ये सरकारी आदेश निघाला आणि होल्डिंग बनली. ती कशी बनली हे जरा जवळून बघूया, कारण पेपरात हे कधीच येत नाही.

नवीन कंपनी काढलीच नाही. सरकारकडे पेनास नावाची एक छोटीशी कंपनी होती, तिचं काम विमानातून फोटो काढून नकाशे बनवणं, हवाई सर्वेक्षण. फार कुणाला माहीतही नसलेली. पण तिची एक गोष्ट कामाची होती, ती पूर्णपणे सरकारच्या मालकीची होती. सरकारने काय केलं, तर दोन्ही अंगकासा पुरा, हॉटेल कंपनी, बोरोबुदूरवाली कंपनी आणि सारिना, या पाच कंपन्यांमधले आपले शेअर उचलून पेनासला भांडवल म्हणून देऊन टाकले, आणि त्याच्या बदल्यात पेनासचे नवीन शेअर स्वतःकडे घेतले. म्हणजे बघा, एक रुपियाही रोख इकडचा तिकडे झाला नाही, फक्त कागद फिरले, पण नकाशे काढणारी छोटी कंपनी एका रात्रीत देशातल्या बहुतेक सगळ्या मोठ्या एअरपोर्टची मालकीण झाली. मग तिचं नाव बदललं. १३ जानेवारी २०२२ ला राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी लोम्बोकमधल्या मांडालिकाला जाऊन तिचं उद्घाटन केलं. आयटीडीसी थोडी नंतर आत आली.

यात एक बारीक कलम आहे आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शेअर देताना सरकारने सगळे दिले नाहीत, प्रत्येक कंपनीत एक शेअर स्वतःच्या नावावर ठेवला. फक्त एक. त्याला द्विवर्णा शेअर म्हणतात, तिथल्या लाल पांढऱ्या झेंड्यावरून. या एका शेअरला खास अधिकार असतात, डायरेक्टर कोण असावेत, कंपनीचे मूळ नियम बदलायचे की नाही, विलीनीकरण करायचं की नाही, अशा मोठ्या गोष्टी त्याच्या संमतीशिवाय होत नाहीत. म्हणजे कागदावर मालक होल्डिंग, पण चावी तेव्हा मंत्रालयाच्या खिशात. होल्डिंगचे लोक सांगतात की आता निर्णय धंद्याच्या हिशोबाने होतील, राजकारण्यांच्या नाही, तेव्हा हा एक शेअर आठवावा.

होल्डिंगने सगळ्यात ठोस काम केलं ते एअरपोर्टचं. दोन्ही अंगकासा पुरा कंपन्या एकत्र करून एकच कंपनी केली, सप्टेंबर २०२४ मध्ये, आणि आता ३७ एअरपोर्ट एकाच कंपनीकडे आहेत. प्रवाशांच्या संख्येत आपण जगातल्या पहिल्या पाच एअरपोर्ट कंपन्यांमध्ये आहोत असं ते सांगतात. आपल्याकडेही हे झालेलं आहे बरं का. आंतरराष्ट्रीय एअरपोर्टला एक सरकारी संस्था आणि देशातल्या एअरपोर्टला दुसरी अशी आपली रचना होती, ती १९९५ मध्ये एकत्र करून एअरपोर्ट अथॉरिटी ऑफ इंडिया झाली. त्यामुळे छोट्या तोट्यातल्या एअरपोर्टचा खर्च मोठ्या कमावत्या एअरपोर्टच्या पैशातून निघायला लागला. इंडोनेशियातही तेच गणित, बाली आणि जकार्ता कमावतात, बाकी कितीतरी एअरपोर्टवर दिवसाला मोजकी विमानं उतरतात. हजारो बेटांच्या देशात हे चुकीचं नाही, कारण तिथे कित्येक बेटांना एअरपोर्ट म्हणजे आपल्याकडच्या एसटीएवढीच गरजेची गोष्ट आहे.

पण सगळी विलीनीकरणं चांगली नसतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या, दोघांचे पगार वेगळे, विमानं वेगळी, युनियन वेगळ्या, आणि पुढची चौदा पंधरा वर्षं आपण तोटा भरत बसलो. गंमत म्हणजे इनजर्नीचं उद्घाटन झालं त्याच जानेवारी २०२२ मध्ये, दोनच आठवड्यांनी, आपल्या सरकारने एअर इंडिया टाटांना देऊन टाकली. आणि तिथेही एक होल्डिंग कंपनी होतीच, एआय अॅसेट्स होल्डिंग. विकली न जाणारी देणी आणि इमारती तिच्याकडे ठेवल्या, म्हणजे टाटांना स्वच्छ कंपनी मिळावी. मुंबईत नरिमन पॉइंटची ती एअर इंडियाची उंच बिल्डिंग याच कंपनीकडे होती, ती पुढे आपल्या महाराष्ट्र सरकारने १,६०१ कोटींना घेतली. तर होल्डिंग या एका शब्दाखाली दोन अगदी उलटी कामं होतात, एक चांगल्या वाईट कंपन्या एकत्र बांधणं, आणि दुसरं वाईट भाग वेगळा काढून ठेवणं. बातमीत होल्डिंग वाचलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा की यातलं कुठलं काम चाललंय.

आता तुम्ही म्हणाल, एअरलाइन कुठे आहे यात? बरोबर, विमानवाहतूक आणि पर्यटनाची होल्डिंग म्हणायची आणि गरुडा बाहेर. गरुडाला आत घ्यायची चर्चा सुरुवातीपासून होती, पण तेव्हा गरुडाच बुडायच्या बेतात होती. तिच्यावर साधारण १४२ ट्रिलियन रुपियाची देणी होती, विमानं भाड्याने देणारे परदेशी लोक कोर्टात गेले होते, आणि जून २०२२ मध्ये कोर्टाने देणेकऱ्यांसोबतचा समझोता मंजूर केला तेव्हा कुठे ती वाचली. अशी कंपनी नव्या होल्डिंगमध्ये टाकली असती तर पहिल्याच वर्षी होल्डिंगचं बॅलन्स शीट झोपलं असतं. रेल्वे, बेटांमधली फेरी बोट सेवा आणि सरकारी बस, यापण बाहेर आहेत, त्यांच्या वेगळ्या कंपन्या आहेत. त्यामुळे नाव मोठं असलं तरी प्रवासी वाहतुकीत इनजर्नीच्या हातात मुख्यतः एअरपोर्ट आहेत, त्यात बसवून नेणारी गाडी नाही.

तरी एअरपोर्ट हातात असण्याचा उपयोग किती असतो ते डिसेंबर २०२४ मध्ये दिसलं. इंडोनेशियात देशातल्या देशात विमानाचं तिकीट महाग आहे अशी लोकांची कायमची तक्रार आहे. नाताळ आणि नवीन वर्षाच्या सुट्टीत तिकिटं साधारण १० टक्के स्वस्त करायचं सरकारने ठरवलं. कसं केलं? तिकिटात जो एअरपोर्टचा प्रवासी चार्ज असतो तो अर्धा केला, विमान उतरवायचा आणि उभं करायचा चार्ज कमी केला, आणि पेर्तामिनाला सांगून काही एअरपोर्टवर विमानाचं इंधन स्वस्त दिलं. एअरपोर्ट एकाच सरकारी कंपनीकडे असल्यामुळे हे एका निर्णयात झालं, लोकांना घरी जायला स्वस्त पडलं, मला हे आवडलं. पण हिशोब पूर्ण करायला पाहिजे, तो अर्धा चार्ज हवेत नाही गेला, तेवढं उत्पन्न एअरपोर्ट कंपनीचं कमी झालं, ज्या कंपनीने कोविडचं कर्ज अजून फेडायचंय. सरकारी कंपनी लोकांना सवलत देते तेव्हा ती सवलत कुठल्यातरी बॅलन्स शीटवर खर्च म्हणून बसलेली असते, एवढंच म्हणणं आहे.

यापेक्षा मोठं उदाहरण म्हणजे मांडालिका. लोम्बोक हे बालीच्या शेजारचं बेट, बालीएवढंच सुंदर पण गरीब, आणि तिथे समुद्राला लागून हजारभर हेक्टर जागेवर आयटीडीसीने पर्यटन भाग उभा केला आणि मध्ये रेसिंगचं सर्किट बांधलं. मार्च २०२२ मध्ये तिथे मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकलींची जागतिक रेस झाली, इंडोनेशियात पंचवीस वर्षांनी. रेसच्या दिवशी धो धो पाऊस पडला, रेस लांबली, आणि पाऊस घालवायला आयोजकांनी बोलावलेली पावांग हुजान बाई, म्हणजे पाऊस आवरणारी मांत्रिक, हातात वाटी घेऊन ती वाजवत गाड्यांच्या गॅरेजपुढून भर पावसात चालत गेली, ते जगभर टीव्हीवर दिसलं. तासाभराने पाऊस ओसरला आणि रेस झाली. लोक त्या बाईबद्दलच बोलत राहिले.

बोलायला पाहिजे होतं ते वेगळंच. जून २०२३ मध्ये इनजर्नीचे तेव्हाचे प्रमुख डोनी ओस्कारिया यांनी संसदेच्या समितीपुढे सांगितलं की आयटीडीसीवर ४.६ ट्रिलियन रुपियाची देणी आहेत, आपले साधारण अडीच हजार कोटी, त्यातली काही लगेच फेडायची आणि त्यात प्रेक्षकांसाठी स्टँड वगैरे घाईघाईत बांधल्याचा खर्चपण आहे. वर्ल्ड सुपरबाइक नावाची दुसरी रेस तिथे व्हायची, तिच्यात दरवर्षी जवळपास १०० अब्ज रुपियाचा तोटा. म्हणून सरकारी बजेटमधून भांडवल मागितलं. सुपरबाइक पुढे बंदच केली, २०२४ च्या वेळापत्रकात मांडालिका नव्हतं.

इथे होल्डिंगच्या बाजूने जो युक्तिवाद करतात तो नीट ऐकला पाहिजे, कारण तो बिनबुडाचा नाही. ते म्हणतात, रेस तोट्यात गेली तरी रेसला येणारा माणूस लोम्बोकच्या एअरपोर्टवर उतरतो, तो एअरपोर्ट आपलाच, तो हॉटेलात राहतो, गाडी भाड्याने घेतो, जेवतो, आणि हे सगळं बेटावरच्या लोकांच्या हातात पडतं, तर एकट्या आयटीडीसीचा हिशोब बघू नका, सगळ्याचा एकत्र बघा. आणि होल्डिंगमध्ये एकत्र बघता येतं, हाच तर तिचा उद्देश. बरोबर आहे. पण एकत्र हिशोबाची हीच सोय उलटीपण वापरता येते, बालीच्या एअरपोर्टच्या नफ्यामागे मांडालिकाचा तोटा झाकता येतो, आणि पाच वर्षांनी कुणी विचारलं की हे सर्किट बांधणं शहाणपणाचं होतं का, तर उत्तर द्यायला वेगळा आकडाच शिल्लक नसतो. म्हणून मला वाटतं की होल्डिंग असावी, पण प्रत्येक प्रोजेक्टचा नफा तोटा दरवर्षी वेगळा छापला पाहिजे, लोकांना वाचता येईल असा.

आणि काही गोष्टी कुठल्याच बॅलन्स शीटवर येत नाहीत. मार्च २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क तज्ज्ञांनी जाहीरपणे चिंता व्यक्त केली होती की मांडालिकासाठी तिथल्या सासाक लोकांना त्यांच्या जमिनीवरून जबरदस्तीने हटवलं जातंय, धमकावलं जातंय, नीट मोबदला मिळत नाहीये. कंपनीने हे आरोप नाकारले. कोकणात किंवा गोव्यात जमीन संपादन बघितलेल्या माणसाला यातली प्रत्येक ओळ ओळखीची वाटेल. मालक मंत्रालयाऐवजी होल्डिंग झाली की गावातल्या माणसाला तक्रार घेऊन जायला आणखी एक दार वाढतं, आणि आतला माणूस सांगतो की हे आमच्याकडे नाही, वरती विचारा.

बोरोबुदूरचं प्रकरण यापेक्षा वेगळं, आणि मला जास्त जवळचं, कारण आपल्याकडे अजिंठा वेरूळला हाच प्रश्न आहे. बाराशे वर्षांपूर्वीचा दगडी स्तूप, कोविडच्या आधी रोज हजारो माणसं त्याच्या पायऱ्या चढायची, बुटांनी दगड झिजत चालले. शिवाय मालकीची गुंतागुंत: प्रत्यक्ष मंदिराची राखण पुरातत्त्व खात्याच्या संवर्धन ऑफिसकडे, भोवतीचं पार्क, तिकीट आणि पार्किंग या सरकारी कंपनीकडे, आणि त्याच्या बाहेरची गावं जिल्हा प्रशासनाकडे. जून २०२२ मध्ये मंत्री लुहुत पांजाइतान यांनी जाहीर केलं की वर चढायचं तिकीट देशातल्या लोकांना साडेसात लाख रुपिया, आपले चार हजार रुपये, आणि परदेशी माणसाला १०० डॉलर. तोपर्यंत स्थानिक तिकीट होतं ५० हजार रुपिया, म्हणजे अडीचशे पावणेतीनशे रुपये. देशभर गदारोळ झाला. बौद्ध लोक म्हणाले हे आमचं पूजेचं ठिकाण आहे, सामान्य माणूस म्हणाला माझ्याच देशातलं मंदिर मी बघायचं नाही का, आणि थोड्या दिवसांत सरकारला ते थांबवावं लागलं.

त्यानंतर जे ठरलं ते मला खरंच पटलेलं आहे. खालच्या आवारात जायचं तिकीट पूर्वीसारखं परवडणारं, आणि वर चढायचं वेगळं, पण सुरुवातीला रोज फक्त १,२०० माणसं, वेळ ठरलेली, सोबत गाइड पाहिजे, आणि आपले बूट काढून उपानत नावाच्या चपला घालायच्या. या चपला आसपासच्या गावातले लोक केवड्याच्या जातीच्या पानांपासून विणतात, तळवा मऊ, म्हणजे दगड घासला जात नाही, आणि नंतर त्या तुम्ही घरी नेऊ शकता. दगड वाचतो, गावात काम येतं. इथे किंमत वाढवून गर्दी कमी करण्यापेक्षा संख्या बांधून गर्दी कमी केली. खाजगी कंपनी असती तर साडेसात लाखाचंच तिकीट ठेवलं असतं, आणि कुणाच्या बोलण्याने मागे घेतलं नसतं, कारण तिला संसदेत कुणी विचारत नाही. सरकारी मालकीचा खरा फायदा मला इथे दिसतो. लोक ओरडले आणि ऐकावं लागलं.

सानूरच्या हॉटेलबद्दलही थोडं सांगतो. ग्रँड बाली बीच, १९६६ ला उघडलेलं दहा मजली हॉटेल, जपानने युद्धाची भरपाई म्हणून दिलेल्या पैशातून बांधलेलं. ते बघूनच बालीच्या लोकांनी आग्रह धरला की यापुढे नारळाच्या झाडापेक्षा उंच काही बांधायचं नाही, आणि तो पंधरा मीटरचा नियम आजही आहे. १९९३ मध्ये त्याला मोठी आग लागली, आणि त्यात ३२७ नंबरची खोली जशीच्या तशी राहिली असं तिथले लोक श्रद्धेने सांगतात, दक्षिण समुद्राच्या राणीची खोली म्हणून. आता त्या सगळ्या आवाराचा आरोग्य पर्यटनासाठी खास आर्थिक विभाग केलाय, तो हॉटेल कंपनी चालवते, तिथे सरकारी हॉस्पिटल कंपनी आयएचसीने बाली इंटरनॅशनल हॉस्पिटल उभं केलं आणि जून २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्राबोवो यांनी त्याचं उद्घाटन केलं. हेतू असा की उपचाराला मलेशिया सिंगापूरला जाणारे इंडोनेशियाचे लोक इकडे वळावेत. हॉटेल कंपनीने आरोग्याचा विभाग का चालवावा, हा प्रश्न मला पडतो. आत्ताच तर तेल कंपनीने हॉटेल का चालवावं म्हणून सगळी आवराआवर सुरू केली होती.

आपल्याकडे असं काही करता येईल का? महाराष्ट्रात एसटी महामंडळ १९४८ पासूनची गाडी चालवतंय आणि ते परिवहन खात्याकडे, एमटीडीसी १९७५ पासूनची, ती पर्यटन खात्याकडे. एमटीडीसीचं रिसॉर्ट एका ठिकाणी आणि एसटीचा स्टँड भलत्याच ठिकाणी, शेवटची गाडी संध्याकाळी निघून जाते आणि रिसॉर्टमध्ये चेक-इन करणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो, हे आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे बघितलंय. पण यासाठी होल्डिंगच लागते असं मला वाटत नाही. दोन खात्यांनी बसून वेळापत्रक जुळवणं, एकाच ठिकाणी गाडीचं आणि खोलीचं बुकिंग देणं, हे मालकी न हलवता होतं. मालकी हलवायची ती तेव्हा, जेव्हा कर्ज आणि जमीन एकत्र आणायचीय. इंडोनेशियाने ती हलवली कारण त्यांच्याकडे अठरा हजार कोटींचं कर्ज डोक्यावर होतं.

शेवटचा थर अजून सांगायचा राहिला, कारण होल्डिंगच्या वर आता आणखी एक होल्डिंग आली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्राबोवो यांनी दानंतारा नावाची प्रचंड सरकारी गुंतवणूक संस्था सुरू केली आणि सगळ्या मोठ्या सरकारी कंपन्या तिच्याखाली घातल्या, इनजर्नीसुद्धा. आधी सरकारी कंपनीचा लाभांश सरकारी तिजोरीत जायचा, आता तो दानंताराकडे जातो आणि ती तो पुन्हा गुंतवते. इनजर्नीचे ते पहिले प्रमुख ओस्कारियाच दानंताराचे सीओओ, म्हणजे रोजचं कामकाज बघणारे मुख्य अधिकारी झाले. म्हणजे बालीच्या एअरपोर्टवर तुम्ही भरलेला चार्ज आधी एअरपोर्ट कंपनीकडे, नफा झाला तर तिथून इनजर्नीकडे, तिथून दानंताराकडे, आणि तिथून उद्या एखाद्या खाणीत किंवा डेटा सेंटरमध्येही लागू शकतो.

एवढ्या मजल्यांवर लक्ष कोण ठेवणार हा वाद तिथे खूप पेटला. दानंतारा ज्या कायद्याने आली, फेब्रुवारीच्या त्याच कायद्यात असं कलम होतं की सरकारी कंपनीचे डायरेक्टर हे सरकारी पदाधिकारी मानले जाणार नाहीत. भ्रष्टाचाराविरुद्ध काम करणारे लोक म्हणाले, मग उद्या कुणी पैसे खाल्ले तर पकडायचं कुठल्या कायद्याने? आपल्याकडे जसं कॅग असतं तसं त्यांच्याकडे बीपीके आहे, तिच्या तपासणीचा अधिकारही आकुंचित झाल्याची ओरड झाली. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये कायदा परत दुरुस्त केला, ते कलम काढलं, बीपीकेला तपासणीचा अधिकार स्पष्टपणे दिला, आणि मंत्रालयाच्या जागी एक नियामक संस्था आणली जिच्याकडे द्विवर्णा शेअर राहतील, एक टक्का, बाकी नव्व्याण्णव दानंताराकडे. त्यामुळे इनजर्नीची आयटीडीसीसकट सगळी वह्या-पुस्तकं बीपीकेला उघडायला लावता येतात, आणि मांडालिकाचा वेगळा आकडा कधी बाहेर आलाच तर तो याच वाटेने येईल.